आंब्यावरून लिंबावर बांधलेली सुतळी

बाबा, परवा इथं कोंढ्याला, आमच्या परसातल्या लिंबावर अळ्या दिसल्या. आधी पाखरानं शिटल्यासारख्या काळ्या-पांढऱ्या, आणि दोन दिवस दुर्लक्ष झालं की पानाइतक्या हिरव्या, त्याच. माझी मुलगी माहेरपणाला आली आहे, ती म्हणाली, फवारून टाक एकदा. मी नको म्हटलं, पण का नको ते मला सांगता आलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या मुंग्या कोणी मारल्या हे तुम्ही चुकीचंच मनात धरून गेलात. मी मारल्या होत्या.

चिखल्याच्या खाणीवरच्या आपल्या क्वार्टरमागची जागा ती केवढी, दोन खाटा टाकल्या की भरायची. तेवढ्यात तुम्ही एक आंबा लावलात आणि एक लिंबू. लाल मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी तुम्ही जंगलातून पोत्यात घालून आणलीत, अंगभर चावे खात, आणि ती आंब्यावर ठेवलीत. मग आंब्याच्या फांदीवरून लिंबाच्या फांदीवर सुतळी बांधलीत, मुंग्यांना जायला. खाणीतली पाळी संपवून आलात की हातपाय धुवायच्या आधी त्या सुतळीखाली उभे. मुंग्या रांगेनं लिंबावर जाताहेत, अळी ओढत परत येताहेत, आणि तुम्ही मान वर करून बघताय. "पाह्य बाई, आपली सेकंड शिफ्ट निंगाली," म्हणायचात. साऱ्या लायनीत तुमची थट्टा व्हायची. सगळ्यात जास्त करायचे शेजारचे काका, तुमच्याच पाळीचे, खाणीत उतरताना लिफ्टच्या पिंजऱ्यात तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे. चहा कुंपणावरून इकडचा तिकडे जायचा. त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांत मुंग्या शिरत. "एक दिवस पावडरच टाकतो तुह्या फौजेवर," ते म्हणायचे, आणि तुम्ही दोघंही हसायचात.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला आले होते. हीच पोर तेव्हा दीड महिन्याची झाली होती. सकाळच्या उन्हात तिला आंब्याजवळ बाजेवर निजवलं होतं, आई नळावर गेली होती. पोर एकदम किंचाळली. मानेखाली दोन मुंग्या रुतून बसलेल्या. त्या ओढून काढल्या आणि मग मी काही विचारच केला नाही. खाटेखालचा ढेकणांच्या पावडरीचा डबा काढला. घरटी काठीनं फोडली, बुंधा, फांद्या, सुतळी, हात पोचला तिथवर सगळं पांढरं करून टाकलं. मग हात धुऊन पोरीला पाजायला बसले.

तुम्ही आलात. झाडाखाली उकिडवे बसलात, मेलेल्या मुंग्यांतली पावडर बोटावर घेऊन वास घेतलात आणि कुंपणापलीकडे पाहिलंत. "बोल्ला होता. केलंच त्यानं शेवटी."

आई म्हणाली, "इचारून तं पाहा आधी."

"इचारलं आन् तो हो म्हनला, तं मंग काय करू?"

मी दारात पोरीला थोपटत उभी होते. आत्ता सांगते, चहा होऊ दे, जेवण होऊ दे, असं करत तो दिवस गेला. आठवड्यानं मी सासरी आले.

त्यानंतर तीन वर्षं तुम्ही दोघं त्याच पिंजऱ्यातून खाली गेलात, वर आलात, आणि एक शब्द बोलला नाहीत. मुंग्या तुम्ही पुन्हा आणल्या नाहीत. पाळीवर जायच्या आधी चष्मा लावून एकेक अळी वेचायचात आणि पाण्याच्या डब्यात टाकायचात. दर दिवाळीला मी ठरवून यायचे की यंदा सांगायचंच. पण दर वर्षी ते सांगणं अवघड होत गेलं, कारण आता प्रश्न मुंग्यांचा राहिला नव्हता, मी तुमचा माणूस तोडला होता. तुम्ही रागावाल याची भीती नव्हती. तुम्ही कुंपणाशी जाऊन त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहाल, ते मला बघवलं नसतं.

मग तुमची कावीळ. भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही शुद्धीवर होता, लिंबाचं विचारलंत. "चांगलं हाये," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

काकांनी तुम्हाला खांदा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपण ओलांडून आले आणि लिंबाखाली माझ्याशी बोलले. "मी पाह्यलं होतं तुले त्या दिवशी, डबा घेऊन. त्याले नाई सांगतलं. लेकीचं नाव पुढं करून मी मोकळा होऊ काय?" मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "दवाखान्यात तरी सांगतलं असन न बाई?"

मी म्हटलं, "हो काका. सांगितलं."

"मंग, काय म्हनला?"

"म्हणाले, माझं चुकलं."

काका तिथंच खाली बसले. दुपट्टा तोंडावर धरून पुष्कळ वेळ रडले. आईनं क्वार्टर रिकामं करेपर्यंत रोज सकाळी तेच येऊन अळ्या वेचून जायचे, आणि आईला सांगायचे, तो समजून गेला, बरं झालं. तेही आता नाहीत.

आज सकाळी मी चष्मा लावून अळ्या वेचल्या. मुलीनं विचारलं तर म्हटलं, औषधाचा वास सोसत नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून पेटीत तळाशी ठेवणार आहे, म्हणजे लपवणं अजून चालूच आहे. पण काकांना तुमच्या तोंडचे म्हणून सांगितलेले ते दोन शब्द तुमचे नव्हते, बाबा. ते माझे होते.