लॅमिनेट केलेलं एअरशिपचं पाकीट

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. घराला रंग द्यायचा होता म्हणून मी जमवलेली पोस्टाच्या तिकिटांची पाकिटं धुळ्याला थोरल्या भावाकडे, नानांकडे ठेवली होती. आज ती घेऊन नाना हसतच आले. त्यातलं एअरशिपच्या, त्या लांबट फुग्यासारख्या हवाई जहाजाच्या, चित्राचं पाकीट, तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेलं, त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून चक्क लॅमिनेट करून आणलं! रेशनकार्ड आहे का ते? किती वर्षं शोधत होतो मी! आता सोडवायला गेलं तर शिक्क्यासकट कागद फाटेल. आणि एअरशिपच्या बरोबर नाकावर हवेचा बुडबुडा.

“देख, बठ्ठं पक्कं करी टाकं,” सगळं पक्कं केल्याच्या ऐटीत नाना म्हणाले. “आते कोनाच हात लागाव नही.”

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. नाना चहा न घेताच बसस्टँडवर गेले. जाऊ देत. एकदा विचारायचं तरी!

पण पाकिटं देताना दारात उभं राहून तीनतीनदा कोणी बजावलं होतं? मीच ना? ‘नाना, काहीही करा, पण याला कोणाचा हात लागू देऊ नका.’

तो बुडबुडा आत्ता पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिला. हलत नाही. हाताला नुसतं प्लास्टिक लागतं.