माझ्या बाजूला ब्रेक नव्हता

११ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय ताई,

छोट्याचा नमस्कार. चोपन्न वर्षांच्या माणसाने स्वतःला छोट्या म्हणवून घेणं बरं दिसत नाही, पण तू मला दुसरं काही म्हणायला कधी शिकलीच नाहीस. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला आहेस? तुला ओळखतो म्हणून विचारतो.

माझ्या बरगड्या बऱ्या आहेत. हसलं की दुखतात, शिंकलं की देव आठवतो. तुझ्या भावजयीचं म्हणणं, हसू येण्यासारखं सध्या या घरात काही नाही, तेव्हा काळजी करू नका. ती हल्ली माझ्याशी मोजकंच बोलते. त्याचं कारण पुढे येईल.

ड्रायव्हिंगचा क्लास दहा दिवस बंद होता, या सोमवारपासून सुरू केला. सध्या एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला येतात. उजवा इंडिकेटर देतात आणि डावीकडे वळतात. मी काही सांगितलं की आधी माझं वाक्य दुरुस्त करतात, मग गिअर बदलतात. माझा पाय तासभर माझ्या बाजूच्या ब्रेकवरच असतो. तुला माहीतच आहे, शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर गाडी मी थांबवायची. बावीस वर्षं माझा संसार त्या ब्रेकवर चालला आहे.

तू फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. खरं तर तू घेतला असतास तरी मी फोनवर पाल्हाळच लावलं असतं. समोर कागद असला की तेवढं सुचत नाही. बघ, तरी एक पान भरलंच.

ठकी कशी आहे? कपाळाचे टाके निघाले का? पोरगी जेवते ना नीट? तुमचं दोघींचं बोलणं सुरू झालं का? दवाखान्यातून निघताना ती मागच्या सीटवर बसली आणि तू पुढे, एवढंच मी पाहिलं.

त्या दिवसाचं तू दवाखान्यातच तुकड्यातुकड्यांनी ऐकलंस, तेही रागाच्या भरात. म्हणून एकदा पहिल्यापासून लिहितो.

तू भावोजींची गाडी दिलीस हेच आम्हा दोघांना मोठं वाटलं होतं. ते गेल्यापासून ती गाडी तू रोज पुसायचीस, पण चालवू कुणाला दिली नव्हतीस. ठकी ती घेऊन माझ्याकडे आली आणि सकाळी आम्ही दोघं बसडेपोत गेलो. बारा मीटरची बस खांबांच्या दोन रांगांमधून मागे घ्यायची परीक्षा होती. पाच जणांनी खांब पाडले. तुझ्या लेकीने एकाही खांबाला धक्का लावला नाही. तिथल्या ट्रेनर बाई मुळात माझ्याच हाताखाली शिकलेल्या, पण कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. त्यांनी विचारलं, "हिला शिकवलं कुणी?" आणि मी शर्टाची कॉलर नीट केली. ठकी म्हणाली, "मामा, आता फुगू नकोस, गाडीत मावणार नाहीस."

वीस फेब्रुवारीला हजर व्हा, असं पत्र हातात पडलं. ही बातमी फोनवर नाही, आईला समोर उभं राहून सांगायची, असा तिचा हट्ट. म्हणून जेवणही न करता तुझ्याकडे निघालो.

मोठ्या पुलाच्या अलीकडे आमच्या पुढे एक ट्रक लागला. फोमच्या गाद्या गुंडाळून, टपाच्या वर माणूसभर उंच रचलेल्या. वरून नायलॉनची दोरी, आणि तिचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं. पूल चढल्यावर दोन गाद्यांची एक गुंडाळी उडाली, रस्त्यावर आपटली, उसळली आणि आमच्या समोर आली. ठकीने ब्रेक दाबला. गाडी वळली आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली.

एवढंच झालं. आता हात दुखतोय, बाकीचं नंतर लिहितो.

१३ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

ताई, शनिवारी "गाडी वळली" असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हात वगैरे काही दुखत नव्हता. गाडी आपणहून कुठेही वळत नाही, हे मी बावीस वर्षं पोराबाळांना सांगत आलो. कालचा पुरा दिवस हे पत्र टेबलावर पडून होतं. तुझ्या भावजयीने ते वाचलं, घडी घालून पुन्हा तिथेच ठेवलं आणि म्हणाली, "अर्धंच लिहिलंय तुम्ही." 

राहिलेलं अर्धं असं.

दोरी मी पाहिली नव्हती. मी डेपोतल्या गप्पा रंगवून सांगत होतो. दोरी ठकीने पाहिली. "मामा, त्याची दोरी सुटली आहे, मी जरा मागे राहते," म्हणाली आणि वेग कमी केला. आमच्यात आणि ट्रकमध्ये चांगलं अंतर पडलं. ट्रकच्या मागे असलात तर ट्रककडे बघू नका, त्याच्या दोरीकडे बघा, हे माझंच वाक्य. क्लासच्या पहिल्या दिवशी मी ते सगळ्यांकडून म्हणवून घेतो. आणि त्या दिवशी मी तिला काय म्हणालो असेन? "अगं, तू बस चालवणार आहेस की बैलगाडी? टाक की पुढे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती हसली, पण अंतर तिने कमी केलं नाही. ते अंतर होतं म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे.

गुंडाळी पडली तेव्हा तिने ब्रेक दाबला, दोन्ही हात चाकावर सरळ धरले आणि आरशात मागे पाहिलं. मागून एक टेम्पो येत होता, बाजूच्या पट्ट्यात गाडी होती. वळायला जागा नव्हती आणि ती वळणारही नव्हती. समोर काही पडलं तर ब्रेक मारायचा आणि सरळ राहायचं. मऊ वस्तू असेल तर खुशाल धडकायचं, कारण कठडा कधी मऊ नसतो. हेही मीच शिकवलेलं. तिने ते शब्दशः केलं.

माझं काय झालं ते सांगतो. गादी दिसल्याबरोबर माझा पाय खाली गेला. शिकवायच्या गाडीत तिथे ब्रेक असतो, भावोजींच्या गाडीत नुसती चटई. पाय रिकामा आपटला. आयुष्यात पहिल्यांदा गाडी माझं ऐकत नव्हती. मग हात पुढे गेला. मी स्टिअरिंग धरलं आणि माझ्याकडे ओढलं.

गाडी मी वळवली, ताई. तिने ओरडून "मामा, सोड" म्हटलेलं मला आठवतं. मी सोडलं नाही.

कपाळाला लागलं ते तिला, भावोजींची गाडी मोडली ती माझ्यामुळे. ट्रकवाला धावत मागे आला. भला माणूस. पडलेलीच गादी त्याने कडेला अंथरली आणि ठकीला तिच्यावर बसवलं. रडवेला होऊन म्हणाला, "ताई, चूक माझीच, दोरी मी नीट बांधली नाही. पण तुम्ही सरळ आला असता ना, तर गादीवर आपटून थांबला असता हो." ठकीने कपाळावर रुमाल दाबून धरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी शेजारीच उभा होतो.

पोलीस यायच्या आधी ती मला म्हणाली, "गाडी मी वळवली असं सांगते." मी म्हटलं, "असं कसं?" ती म्हणाली, "शिकवणाऱ्याने चालू गाडीत चाक ओढलं हे लिहिलं गेलं तर तुझा क्लास बंद होईल. मला दुसरं काम मिळेल. तुला या वयात कोण घेणार?" 

आणि मी "बरं" म्हणालो.

एवढा एक शब्द लिहायला मला सतरा दिवस लागले. मी तिला थोपवलं नाही, समजावलं नाही. मनातल्या मनात हिशोब मांडला, की ती तरुण आहे, चार दिवसांत लोक विसरतील, तू तिची आई आहेस, दोन दिवस रागावशील आणि मग जवळ घेशील. इतका सोपा मार्ग दिसला की मी डोळे मिटून त्याच्यावर चालू लागलो.

मग तू दवाखान्यात आलीस. तिच्या कपाळाला पट्टी होती, आणि तू दारातूनच म्हणालीस, "बापाची एवढी एक वस्तू उरली होती घरात, तीही मोडलीस. उद्या बसभर माणसं तुझ्या हातात कोण देईल?" तुझी चूक नाही, तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू बोललीस. घाबरलेली माणसंच असं बोलतात. पण ठकीने त्या वेळी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी खिडकीबाहेर बघू लागलो. ती म्हणाली, "हो आई, माझ्याच हातून वळली."

तुझ्या भावजयीला मी हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिने माझ्याशी भांडावं असं वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "ताईंना कधी सांगणार?" आणि तेव्हापासून मोजकं बोलते.

मी तरीही ढकलत राहिलो. आधी बरगड्या बऱ्या होऊ देत, मग क्लास सुरू होऊ दे, मग महिना अर्धा होऊ दे. शुक्रवारी डेपोतल्या ट्रेनर बाईंचा फोन आला. त्या भडकल्या होत्या. "मास्तर, तुमच्या भाचीला झालंय काय? नोकरी नको म्हणून लेखी कळवलंय. कारण लिहिलंय, माझ्या हातांवर माझा भरवसा राहिलेला नाही. खांबांमधून बस काढणारी मुलगी असं लिहिते?" 

ताई, इथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मला वाटलं होतं, ती खोटं बोलतेय ते माझ्यासाठी, आणि खरं काय ते तिला ठाऊक आहेच. पण तुम्ही सगळ्यांनी तेच ते म्हटलं, शेजाऱ्यांनी विचारलं, पोलिसांच्या कागदावर तेच छापलं गेलं, आणि आता तिचं तिलाच वाटायला लागलं असेल तर? घडीभर मी सोडलं असतं तर तिनेच वळवलं असतं का, असं ती रात्रंदिवस स्वतःला विचारत असेल तर? माझा क्लास वाचावा म्हणून पोरीने नोकरी सोडली, ते मी कसंबसं गिळलं होतं. तिच्या हातांवरचा तिचा भरवसाही मी घेतला, हे काही गिळता येईना.

म्हणून शनिवारी हे पत्र लिहायला बसलो, आणि तरी "गाडी वळली" असंच लिहिलं. सवय वाईट.

आज सकाळी नऊ वाजता पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांना वाटलं मी ट्रकवाल्याची तक्रार वाढवायला आलोय. मी म्हटलं, नाही, माझी द्यायला आलोय. त्यांनी दोनदा विचारलं, मास्तर, विचार करून बोलताय ना? सगळा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, मी खाली सही केली. ट्रकवाल्याची दोरी होतीच ढिली, तेही तसंच राहिलं. तिथून परवान्याच्या कार्यालयात. शिकवण्याचा परवाना त्यांनी ठेवून घेतला आहे, चौकशी होईपर्यंत. चौकशीतून काय निघेल ते मला न विचारताही माहीत आहे.

घरी येऊन मुख्याध्यापकांना कळवलं की उद्यापासून तास नाही. का, म्हणून विचारलं त्यांनी. सांगितलं खरं. म्हणाले, "बावीस वर्षांत एक चूक म्हणजे तुम्ही उत्तीर्णच की मास्तर." मी म्हटलं, "चुका दोन आहेत सर. पहिली डोळ्याचं पातं लवेपर्यंतची, दुसरी सतरा दिवसांची." यावर त्यांनी काही दुरुस्ती सुचवली नाही.

माझी काळजी करू नकोस. तुझी भावजय आज आपणहून चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. गॅरेजवाल्या मित्राने विचारलंय, गाड्या दुरुस्त झाल्यावर चालवून बघायला येशील का. तिथे माझ्या शेजारी कुणी बसणार नाही, ते बरंच आहे. भावोजींची गाडी त्याच्याचकडे आहे. तो म्हणतो, होईल उभी. पण ती पूर्वीसारखी होईल असं तुला सांगणार नाही. त्या गाडीबद्दल तुझ्याकडे माफी कशी मागायची ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो की मला माफी हवी आहे.

आता मुख्य गोष्ट. नव्या जबाबाची प्रत मी ट्रेनर बाईंकडे पोचवली. त्यांनी ठकीचं नकाराचं पत्र वर पाठवलेलंच नव्हतं, टेबलाच्या खणात ठेवलं होतं. शुक्रवारपर्यंत त्या थांबतील. तिने स्वतः जाऊन ते परत घ्यायला हवं, दुसऱ्या कुणाला ते देणार नाहीत. 

मी तिला फोन केला होता. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तू हे करायला नको होतंस." आणि बराच वेळ रडली. जाशील ना डेपोत, असं विचारलं तर म्हणाली, "आईला वाटतं मी माणसं मारीन." तिला मी हजार वेळा म्हटलं तरी ते पुसलं जाणार नाही, ताई. ते तू बोललीस, तूच परत घ्यायला हवं.

माझ्यावर रागवायचं तेवढं रागव. वर्षभर बोलू नकोस, मी सहन करीन. पण हे पत्र वाचून झालं की आधी उठ आणि तिच्या खोलीत जा. तिला सांग की हात तिचे सरळ होते. आणि शुक्रवारी तिच्याबरोबर डेपोपर्यंत जा. गाडी नाही, बसनेच जावं लागेल. शेजारी बस तिच्या.

सतरा दिवस तुझ्या लेकीच्या आड लपून बसलेला,

तुझा भाऊ