एका चहापुरता आवाज

आई, दोन आठवडे होत आले, मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून घसा पाहिला, माझ्या स्वरतंतूंवर आलेल्या गाठी मलाच पडद्यावर दाखवल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही." जन्मभर पोरांना गणित शिकवलं त्याचं हे बक्षीस. चिडचिड इतकी होते आहे आणि ती करायला आवाजच नाही, म्हणून तुला लिहायला बसले. घरात उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या पडल्या आहेत, त्यांच्यावरच लिहिते. तू जाऊन किती वर्षं झाली, हे तुला पोचणार नाही, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या कुणावर चिडायचं? ज्यांच्यावर चिडायचं ते सगळे समोर आहेत आणि त्यांना उत्तर देता येत नाही.

मी गप्प आहे, बहिरी नाही, हे लोकांना कसं समजावायचं सांग. तुझा जावई माझ्याशी एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलतो. "च-हा ह-वा का?" शेजारच्या काकू नुसते हातवारे करतात, आणि मला हसू आलं तरी हसायची बंदी. सरळ बोलली ती एक भाजीवाली, मखमलाबादहून येते ती. "घसा गेला का मॅडम? आमच्या पोरीच्या बाईंचाबी असाच गेला व्हता. लय वरडावं लागतं ओ तुम्हाला." तिला मी मनापासून हात जोडले. शाळेने काय केलं तेही ऐक. मुख्याध्यापकांचा मेसेज आला, "काळजी घ्या. बोलायचं नाही एवढंच ना? मग घरबसल्या नववीचे पेपर तपासता येतील." संध्याकाळी शिपाई गठ्ठे घेऊन दारात. दुसऱ्या दिवशी पोर्टलवर मुलांची माहिती भरायचं काम आलं, कारण "तुम्ही सध्या मोकळ्याच आहात." आजारी पडलेल्या माणसाला मोकळं म्हणणारी ही एकच नोकरी असेल.

घसा गेला कसा, तर सिंहस्थाची तयारी म्हणून शाळेसमोरचा रस्ता दिवाळीपासून खोदून ठेवला आहे. बाहेर यंत्र खडखडतंय, आत सत्तर पोरं, खिडक्या लावल्या तर जीव गुदमरतो. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर घेऊन पाहिला, तो भर तासात शिट्टी मारायचा आणि पोरं खिदळायची. शेवटी आपला घसाच बरा म्हणून ओरडत राहिले. एके दिवशी फळ्याकडून वळले, तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. पहिल्या बाकावरच्या पोरींना वाटलं मी रागावले. सगळा वर्ग एकदम चिडीचूप झाला आणि मी तशीच उभी राहिले.

तेव्हा तू आठवलीस. सिडकोतलं आपलं घर, पंचवटीतली तुझी महापालिकेची शाळा, आणि मधली ती बस. तू घरी यायचीस, चपला काढायचीस, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात ठेवायचीस आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचीस. तिथून पुढे आमच्या घरात सांडशी बोलायची. ओट्यावर एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. बाबा कंपनीतून आले की तेही सांडशीलाच विचारायचे, "आज वरण आहे का?" टक्. भावाने खेळायला जाऊ का विचारलं की टक् टक्. माझ्या मैत्रिणींच्या आया त्यांच्याशी तासन्‌तास बोलायच्या, भांडायच्या, वेण्या घालताना अख्ख्या गल्लीच्या गोष्टी सांगायच्या. मी शाळेत पाठांतरात पहिली आले आणि धावत घरी येऊन सांगितलं, तर मला काय मिळालं? टक्. तुला आनंद झाला होता हे तुझ्या तोंडावर दिसत होतं, तसं म्हणायला हवं. पण मला तोंड बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला अबोल बाई म्हणून सोडून दिलं असतं. पण सातवीत असताना एकदा तू घराची किल्ली विसरलीस आणि बाबांनी मला ती घेऊन तुझ्या शाळेत पाठवलं. मी व्हरांड्यात पोचले तर वर्गातून एक म्हातारी बोलत होती. बोळकं तोंड, थरथरता आवाज. मग एक कोल्हा बोलला, मग तिचा नातू रडायला लागला. बाहेर देवळाचा भोंगा चालू होता, तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. मी खिडकीतून डोकावले. तू होतीस, आई. पदर डोक्यावरून घेऊन, वाकून, खडूची काठी करून चालत होतीस आणि साठ पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. एक शेंबडी पोर तर तुझ्या पायाशीच येऊन बसली होती. मी किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि बसस्टॉपवर जाऊन रडले. माझी आई बोलते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मी तुझ्यापुढे उभी राहिले. "शाळेतल्या पोरांना गोष्टी सांगतेस, मला का नाही?" तू ज्येष्ठमध गालातून काढलास. चिरका, फाटका आवाज आला. "त्यांना घरी कुणी सांगत नाही गं." मी ओरडले, "मला तरी घरी कोण सांगतं?" बाबा पेपर खाली ठेवून तुझ्याकडे बघायला लागले. तू काही तरी बोलशील, निदान माझ्यावर हात उगारशील, असं मला वाटत होतं. तू सांडशी दोनदा वाजवलीस. विषय संपला. तुझ्या त्या दोन ठोक्यांचा राग मी अजून सोडलेला नाही.

मला नोकरी लागली तेव्हाही तू असंच केलंस. लोक आपल्या मुलींना पहिल्या दिवशी साडी देतात, पेन देतात. तू स्टीलची डबी दिलीस, ज्येष्ठमधाने भरलेली, आणि म्हणालीस, "शाळेत सगळा खर्च करू नकोस." मला वाटलं, हिला शिकवायचाच कंटाळा आलाय. मी ती डबी मसाल्याच्या डब्यामागे टाकली आणि मनाशी ठरवून टाकलं की मी तुझ्यासारखी होणार नाही. शाळेतही बोलीन आणि घरीही बोलीन. बोलले की! तुझी नात कॉलेजात गेल्यावर एकदा म्हणाली, "आई, तू आमच्याशी बोलत नाहीस, तू आमचा तास घेतेस. 'लक्ष इकडे', 'पुन्हा सांगणार नाही', असं कोणी जेवताना बोलतं का?" म्हणजे तू घरी बोलली नाहीस म्हणून मी चिडले, आणि मी बोलले म्हणून माझी लेक चिडली. आवाज पुरत नाही म्हणून गप्प बसते आहे, एवढं एक वाक्य तू मला नीट बसवून सांगायला हवं होतंस. त्या एका वाक्याने तुझा घसा काही फुटला नसता.

इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. मग गठ्ठे तपासायचे होते, राहून गेलं. आता पुढचं.

काल पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. गाठी थोड्या कमी झाल्या आहेत, ऑपरेशन सध्या टाळता येईल. मी पाटीवर लिहून विचारलं, शाळा कधी? बाई म्हणाल्या, "मॅडम, स्पष्ट सांगते. तुमचा आवाज आता पूर्वीइतका उरलेला नाही. वर्गावर घालवलात तर घरासाठी राहणार नाही. निवृत्ती घेता येत असेल तर विचार करा." तुझा जावई लगेच म्हणाला, "घेईल ती, घेईल." माझ्या वतीने सगळे फार भराभर बोलतात हल्ली. आता हळूहळू बोलायला सुरुवात करायची. किती, तर दिवसातून एकदा, एक कप चहा संपेपर्यंत. चहा संपला की बोलणं बंद.

घरी येताना गाडीत लेकीने माझा हात धरला. ती रविवारी पुण्याला जाते आहे, नोकरी लागली आहे तिला. "पहिला चहा माझा," ती म्हणाली. "आणि आई, तास नाही घ्यायचा. नुसतं बोलायचं." मी मान हलवली. काय बोलायचं हे मी काल रात्रीच ठरवून ठेवलं होतं. तुझी सांडशी, ती म्हातारी, ती खिडकी, हे सगळं तिला सांगणार होते. मी तिच्या वयाची असताना मला कोणी सांगितलं नाही ते.

आज संध्याकाळी तिने आलं घालून चहा केला. माझा कप माझ्यासमोर, तिचा तिच्यासमोर. तिच्या बाबालाही तिने बाहेर पिटाळलं होतं. आणि माझा फोन वाजला. दहावीतली एक पोर, आईवडील त्र्यंबक रोडच्या रोपांच्या नर्सरीत कामाला आहेत. मी फक्त ऐकणार होते. ती हुंदके देत होती. "मॅडम, तुम्ही बोलू नका, मला माहितीये. पण पायथागोरसची सिद्धता मला येतच नाय. नव्या मॅडमना इचारलं, त्या म्हणल्या पाठ कर." पाठ कर! आई, तूच सांग, सिद्धता पाठ करतात का? "काटकोनातून समोरच्या बाजूवर लंब टाक," मी म्हणाले. घोगरा, परका आवाज होता, पण माझाच. "टाकलास? आता किती त्रिकोण दिसतात?" ती म्हणाली, "दोन." मी म्हणाले, "नीट बघ." मग मी तिला कोन दाखवले, एकेक करून, घाई न करता. पलीकडे पेन्सिल खरखरत होती. मग एकदम ती ओरडली, "थांबा मॅडम! मोठाबी हाय ना! तीन! तीन हायेत, आन् तिन्ही सारखेच!"

फोन ठेवून वर पाहिलं. माझा चहा तसाच भरलेला होता, मी घोटही घेतला नव्हता. म्हणजे नियमाप्रमाणे माझं बोलणं अजून शिल्लक होतं. मी लेकीकडे बघून तोंड उघडलं. तिने माझ्यासमोरचा कप उचलला, तो गार चहा एका दमात पिऊन टाकला आणि रिकामा कप माझ्यापुढे ठेवला. मग आत जाऊन बॅग भरायला लागली. ती रागावली होती की माझा घसा जपत होती, हे मला विचारता आलं नाही.

निवृत्तीचा अर्ज टेबलावर आहे, तुझ्या जावयाने छापून आणला आहे. सही कर म्हणून सगळे मागे लागतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. या पुरवण्या मी रद्दीत घालीन. तुझ्यावर एवढं चिडून झाल्यावर एकच सांगायचं राहिलं आहे, आणि ते घरात कुणाला सांगता येणार नाही. ती पोर "तीन" म्हणाली ना, आई, तेव्हा माझी लेक समोर बसली आहे हे मी विसरले होते.