दोन शेठजींची उचल

७ जुलै, सोमवार
हेडमास्तरांनी नवं झेंगट गळ्यात मारलं. सातवीला ‘कर्ज आणि बचत’. "तुमचं गणित हाय, तुम्हीच घ्या." धडा बँकेवर. हुपरीत बँकेला कोण विचारतंय? घरोघरी पैंजणांचं काम, चांदी शेठजीची, अडीनडीला उचल, म्हणजे कामापोटी आगाऊ पैसे, तेही शेठजीचेच. पोरांना सांगितलं, घरी विचारून लिहून आणा. कुणाकडून घेतलं, कशाला, फिटलं का. खरं लिहा.

९ जुलै, बुधवार
अडतीस वह्या. सदतीस घरांत म्हणे कर्जच नाही! सगळे कुबेराचे जावई. नीट लिहिणारी एकटी रुबिना. बाबांनी एका शेठजीकडून उचल घेतली, छपराच्या पत्र्यांसाठी. दुसऱ्या शेठजीकडून, अम्मीच्या ऑपरेशनला. दोन्ही फिटायच्या आहेत.

दहापैकी दहा दिले. वर्गात मोठ्यानं वाचलं, शेठजींच्या नावांसकट. "बघा गाढवांनो, असं लिहायचं!" पहिल्या शेठजींचा पोरगा ऋतुराज मागं वळून तिच्याकडं बघत होता. मार्कांवरून जळतोय, वाटलं. लई दिवसांनी शिकवल्यासारखं वाटलं.

१२ जुलै, शनिवार
रुबिना दोन दिवस नाही. विचारलं तर पोरं दात काढायला लागली. "सर, तिच्या बाबाची चांदी माघारी नेली की शेठजीनं. दोघांची उचल खाल्लीया त्यानं."

ज्याची उचल त्याचंच काम, हा इथला कायदा. दुसऱ्याची घेतली की चोर. शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकरा वर्षं कोल्हापुरातनं एसटीनं येतोय, पगार घेतोय, मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही.

१४ जुलै
दस्तगीरभाई, रुबिनाचे वडील, शाळेत आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. "पोरीनं खोटं लिवलंय म्हणून शेठजीस्नी सांगा."
"मी मास्तर. खोटं कसं सांगू?"
"खरं वाचून दावलासा न्हवं? काम बंद हाय बघा."
मला त्यांचाच राग आला. पोरीला सगळं सांगायचं कशाला? उद्या पेढीवर जातो म्हणालो.

१५ जुलै
ऋतुराजच्या वडलांच्या, पहिल्या शेठजींच्या पेढीवर गेलो. चहा दिला. "पोरीनं मनचंच लिहिलंय," म्हणालो. हसले. "मग तिलाच वर्गात म्हणू दे की, मास्तर. आमचं पोरगं ऐकंल. मग चांदीचं बघू."
हो म्हणून आलो. दुसरं काय करणार होतो. काहीतरी करता आलं असतं, पण…

१७ जुलै
रुबिना उभी राहिली. "मी खोटं लिहिलं."
ऋतुराज: "ऐकू आलं न्हाय."
परत म्हणाली.
"कुणी खोटं लिहिलं?" पुन्हा तोच. वर्ग खदाखदा. मी फळ्याकडं बघत होतो. तिसऱ्यांदा म्हणताना रडली.
"सर, मग तिला धा मार्क कसं?" मागनं एक पोरगं.
बरोबरच की! वही मागून घेतली, तिच्यासमोर दहा खोडले, शून्य घातलं. शून्य सुबक गोल आलं. लाज वाटते ती त्याची.

१९ जुलै, शनिवार
चांदी आली नाही. शेठजींचा निरोप आला, ऋतुराजच्या तोंडून, भर वर्गात. "पप्पा म्हणाल्यात, रडत म्हणाली, मला काय खरं वाटंना. परत म्हणू दे." थोबाडीत द्यावीशी वाटली त्याच्या. दिली नाही. चांदी त्यांच्या घरात.

शाळा सुटली. रुबिना टेबलाजवळ आली. डोळे कोरडे.
"सर, सोमवारी रडत न्हाय मी. घरात म्हणून बघितलंय. म्हणू का परत?"
मी हजेरीपुस्तकात डोकं घातलं. हो म्हणालो नाही. नको, असंही म्हणालो नाही. ती उभीच होती. मग मी साडेअकराची बस धरली.