शोधशब्द

नेपरव्हिल, अमेरिका, रविवार

प्रिय मनोहरकाका,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काय म्हणतात तुझी जुनी वर्तमानपत्रं?" मी "मजेत" म्हणून विषय बदलला. खरं ते इथे लिहिते. पाठवणार मात्र नाही.

आमच्या संग्रहालयासाठी मी स्कॅन केलेला एका साप्ताहिकाचा अंक आहे, १९१९ सालचा, शिकागोतल्या एका काळ्या संपादकाचा. तो लिहितो, आमची मुलं फ्रान्समध्ये लोकशाहीसाठी लढून आली आणि गावात गोऱ्यांच्या जमावाने त्यांना गणवेशासकट झाडाला लटकवलं. शेजारच्या रकान्यात हिंदुस्थानातला गोळीबार आहे. म्हणतो, तिथला मालक आणि इथला मालक एकच. त्याच्या छापखान्याच्या काचा दोनदा फुटल्या, अंक एकदाही चुकला नाही.

प्रत्येक अंकाला शोधशब्द मी लावते. लोक तेच टाइप करून अंक शोधतात. शब्द नसेल तर अंक असून नसल्यासारखा. मार्चमध्ये वरून यादी आली: वंशद्वेष, साम्राज्य, लिंचिंग, हे शब्द काढा, नाहीतर सरकारी ग्रँट जाईल. ग्रँटबरोबर माझा व्हिसाही. शेजारच्या टेबलावरची डेनिस नाही म्हणाली. तिच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. मी सगळ्या अंकांचे शब्द काढले, दोन दिवसांत. त्या १९१९च्या अंकाला आता "स्थानिक बातम्या" एवढंच उरलंय.

आणीबाणीत सेन्सॉरने तुमचा अग्रलेख कापला, तेव्हा तुम्ही ती चौकट कोरीच छापलीत. इथे काहीतरी होतं, एवढं तरी वाचकाला कळलं.

काका, मी कोरी जागासुद्धा ठेवली नाही.

तुम्ही चारचौघांत जिचं कौतुक सांगता ती,
आसावरी