होडीच्या उजव्या बाजूचं भोक

ती. भावोजी यांस,

मेहुण्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे आणि त्याला कारण तुम्हीच आहात; ते पुढे येईलच.) तुमची तब्येत उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही. दिवसभर थोरल्या भावाच्या फर्निचरच्या दुकानात गादीच्या खुर्चीवर बसून राहणाऱ्या माणसाच्या तब्येतीला होण्यासारखं असतं तरी काय? पण रीत म्हणून विचारतो. गुडघा कसा आहे? ताईचा खोकला गेला का? गिऱ्हाइकं तुम्हाला विकायला ठेवलेला सोफा समजून दाबून बघत नाहीत ना? इकडे सगळं ठीक. आई रोज तुमची आठवण काढते, आणि काढताना माझ्याकडे बघते. बायको भांडी जरा जोरात ठेवते.

तुम्ही धक्क्यावर, चारचौघांसमोर, बादली खाली ठेवून निघून गेलात त्याला आता बरेच महिने झाले. मी एवढंच म्हणालो होतो की होडी धुणं वेगळं आणि होडीवर पाणी शिंपडणं वेगळं, आणि तुम्ही करता ते दुसरं. यात रागावण्यासारखं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. फळ्यांना खवले चिकटले होते, वास सुटला होता. मी नाकाला जाणवलं ते तोंडाने सांगितलं. पण तुम्ही पाठ फिरवलीत, आणि मग मलाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं लागलं की होडी मी एकटा चालवीन, आणि पहिल्यापेक्षा चांगली चालवीन. असं एकदा बोलून बसलं की करून दाखवावं लागतं. धक्क्यावरची मंडळी तर काम सोडून तेवढंच बघायला बसलेली असतात. तर जाळं टाकण्याचं जमवलं, ओढण्याचं जमवलं, मासळी उतरवण्याचंही जमवलं. पण त्यानंतर वाकून वाकून समुद्रातून बादल्या उपसायच्या आणि होडी घासायची, तिथे माझ्या कंबरेने हात टेकले. (कंबर हात कसे टेकेल असं विचारू नका. माझी टेकते.)

तेव्हा मी ठरवलं की माणसाची जागा यंत्राने भरायची. बाजारात होडी धुण्याचा पंप मिळतो. चपलांच्या खोक्याएवढा असतो. होडीच्या अंगाला पाण्याखाली एक भोक पाडायचं, तिथून पाईपने पाणी पंपात येणार, आणि पंपातून दुसऱ्या पाईपने, पुढे पिचकारीसारखं तोंड लावलेलं, ते जोरात बाहेर पडणार. बटण दाबलं की झालं. दुकानदाराने मला पंपाचे गुण अशा थाटात ऐकवले, जणू मुलगा दाखवायला आणला होता. म्हणे स्वतःच पाणी ओढतो, तोंड बंद केलं की स्वतःच थांबतो, कुरकुर करत नाही, खायला मागत नाही. मी म्हटलं, द्या बांधून, अशाच कोणाच्या तरी शोधात आहे. त्याने पंप कधी पाण्यात चाललेला बघितला आहे का, हे विचारायचं राहून गेलं. माझा अंदाज असा की त्याने समुद्रसुद्धा फक्त कॅलेंडरवर बघितला असावा.

पंप बसवायला आपला नेहमीचा मेकॅनिक बोलावला. नेहमीचा म्हणजे ज्याने हात लावल्यापासून आईचा मिक्सर झाकण उडवतो, तोच. तो आला आणि आधी होडीभोवती हात मागे बांधून फिरला, मोठे डॉक्टर पेशंटभोवती फिरतात तसा. मग मला म्हणाला, पंप आधी अंगणात चालवून बघू. चालवायचा तर पाणी पाहिजे, म्हणून पाईप कशात बुडवला असेल? बादलीत. तुमच्याच बादलीत, भावोजी. जिची कटकट नको म्हणून हा सगळा खटाटोप, तिलाच पहिल्या दिवशी मध्ये बसवावं लागलं. पण पंप चालला हो! असा चालला की बायकोने वाळत घातलेल्या चादरी पुन्हा ओल्या झाल्या, आईचा चष्मा उडाला आणि शेजारचं मांजर त्या दिवसापासून आमच्या अंगणात आलेलं नाही. मेकॅनिकने मान अशी डोलावली जणू पंपाचा शोध त्यानेच लावला.

दुसऱ्या दिवशी भोक. भावोजी, माझी सगळी हयात होडीला भोक पडू नये म्हणून काळजी करण्यात गेली, आणि आता मी एका माणसाला चहा पाजून ते पाडायला सांगत होतो. होडी किनाऱ्यावर ओढलेली. मेकॅनिक उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, ड्रिल घेऊन उकिडवा बसलेला. खालचा लाल रंग आणि वरचा निळा रंग जिथे भेटतात ती पाण्याची रेघ, तिच्याखाली त्याने दोन बोटं मोजली आणि पेन्सिलने फुली मारली. आता तो म्हणतो की त्याला वीतभर खाली जायचं होतं, आणि मीच ‘वर घे, वर घे’ म्हणून ओरडत होतो. साफ खोटं. मी फक्त ‘जपून’ म्हणालो, चार-पाच वेळा, आणि बोट वर दाखवलं. ड्रिल सुरू झालं तेव्हा मी तोंड फिरवलं. आवाज दात उपटताना येतो तसा. मग त्याने भोकात पितळी तोंड बसवलं, आतून-बाहेरून रबर, त्यावर सील करायचा पांढरा लगदा. लगदा इतका फासला की होडीने दाढी करायला घेतली आहे असं वाटलं.

होडी पाण्यात लोटली तेव्हा धक्क्यावर ही गर्दी. गळणार, गळणार, म्हणून सगळे डोळे लावून बसलेले. मी आत बसलो, डावीकडे, इंजिनाचा दांडा धरून, आणि मेकॅनिक वाकून भोकापाशी आतून हात फिरवून बघत होता. एक थेंब नाही! बोट कोरडं ठणठणीत. त्याने ते कोरडं बोट वर करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, ‘याला म्हणतात फिटिंग!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग तो धक्क्यावर चढला आणि मी ऐटीत बटण दाबलं. पंप घरघरला, पाईप फुगला आणि पुढच्या तोंडातून आली हवा. नुसती हवा. म्हातारा झोपेत फुरफुरतो तशी.

त्यानंतर मेकॅनिकची हुशारी जी बाहेर पडली ती पंपातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होती. बॅटरी कमी पडते म्हणाला, बॅटरी बदलली. वायर उलट लागली म्हणाला, सुलट केली, मग पुन्हा उलट केली. गाळणी उघडून फुंकली. दुकानदाराला फोन केला, तर त्याने पंपाला सवय व्हायला वेळ द्या म्हणून सांगितलं. पंप काय शाळेत घातला आहे? शेवटी धक्क्यावर उभी असलेली माझी बायको शांतपणे म्हणाली, ‘अहो, ते पितळी तोंड पाण्याच्या वर आहे. मघापासून त्यावर माशी बसली आहे.’

खरंच होती. थेंब गळला नव्हता तो त्यामुळेच. जे भोक पाण्यात नाहीच ते गळणार कुठून!

आता हे कसं झालं ते ऐका, आणि हसू नका. होडीला रंग दिला तेव्हा पेंटर म्हणाला होता, रेघ खरी यायला हवी तर होडी पाण्यात लोटा आणि रोज बसता तसे बसा. मी बसलो डावीकडे. तुम्ही बसलात उजवीकडे मागच्या कोपऱ्यात, ऐसपैस मांडी घालून. पेंटरने पाण्यात उभं राहून सभोवार रेघ मारली. उजवीकडे ती डावीपेक्षा चांगली चार बोटं वर आहे, हे इतक्या दिवसांत कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तुम्ही बसलात की ती पाण्याबरोबर सपाट दिसायची. थोडक्यात, आम्ही जिला होडीची रेघ समजत होतो ती तुमची होती. तुम्ही उठून गेलात आणि उजवी बाजू वर आली. सारा धक्का हसला. बायको तर अशी हसली की तिला टेकायला खांब लागला.

मग प्रयोग सुरू झाले. मेकॅनिकला त्या कोपऱ्यात बसवलं. तो अंगाने काडी. पंपाने एक चूळ भरली आणि गप्प झाला. बायकोला म्हटलं, तू जरा बसून बघ. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी वाळूची पोती भरून ठेवली, आणि पंप चालला. धक्क्याला बांधलेल्या होडीत अशी धार आली की आमचे खवले उडून शेजारच्या होडीत गेले आणि तिच्या मालकाशी माझं भांडण झालं. मी मनात म्हटलं, जिंकलो! भावोजींना वाळूचा पर्याय मिळाला, आणि वाळू उलट बोलत नाही.

तशीच होडी घेऊन समुद्रात गेलो. जाळं डावीकडून ओढायला लागलो की होडी डावीकडे कलते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या वेळी तुम्ही काही न सांगता उजवीकडे रेलायचात. मला वाटायचं, आळसाने रेलता. (रेलण्याची तऱ्हाच तशी होती, हे तुम्हीही कबूल कराल.) पोती रेलत नाहीत. एक पोतं घसरून माझ्या बाजूला आलं, त्याच्यामागे दुसरं, आणि डावी कड पाण्याला लागली. मी जाळं सोडून दिलं म्हणून होडी सरळ झाली. जाळं फाटलं, आलेली मासळी परत गेली. भावोजी, मी घाबरलो. किनारा समोर दिसत होता, पण होडीत हाक मारायला कोणी नव्हतं, आणि हाक मारावीशी फार वाटली. पोती तिथेच पाण्यात ढकलून दिली आणि रिकामा परत आलो. धक्क्यावर विचारलं तर सांगितलं, आज मासळीच नव्हती.

तर असं हे पंपाचं पुराण. तुमचं हसून झालं असेल तर ताईलाही वाचून दाखवा; पण घाबरल्याचा भाग गाळा. थोरल्या भावाला नमस्कार, खुर्चीला आशीर्वाद.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. पंप मात्र उत्तम आहे. पाईप हातात धरून बसल्या जागेवरून सगळी होडी धुता येते. वाकायचं नाही, उपसायचं नाही, गुडघ्याला काही नाही. ज्याला बसणं चांगलं जमतं अशा माणसाचं हे काम आहे. आमच्या नात्यात असा एकच.

आणखी ता. क. हे पत्र मी लिहिलं आहे हे आईला माहीत नाही. तुम्ही आपणहून आलात असं तिला वाटलं तर मी आड येणार नाही. धक्क्यावरही तसंच सांगू. होडी नीट धुतली नाहीत तर मात्र बोलणार, ते आताच सांगून ठेवतो.

शेवटचं. मेकॅनिक म्हणतो, हे भोक बुजवून वीतभर खाली दुसरं पाडणं तासाभराचं काम आहे, मग होडीत एकटा माणूस असला तरी पंप चालेल. हे तो माशी दिसली त्याच दिवशी म्हणाला होता. मी तेव्हाही त्याला नको म्हणालो, आणि आज सकाळी तो ड्रिल घेऊन दारात आला तेव्हाही चहा पाजून परत पाठवला.