दिघाशीचा पत्ता

वसई, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय कमळीस,
फिलूचा सप्रेम न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी रडते आणि काम राहून जातं. शाळेत सिस्टर इमेल्डाने घोकून घेतलेलं पत्रलेखन अठ्ठावन्नाव्या वर्षी असं उपयोगी पडतंय.

काम असं. जेरोमने आणि मी मिळून कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केलाय. एकोणीस वर्षं तो कतारला आहे, तिथे त्याचा दुसरा संसार आहे. पण सरकारी कोर्टाने मोकळं केलं तरी चर्चच्या लेखी मी त्याचीच बायको राहते. देवळात पुन्हा लग्न करायचं तर चर्चच्या न्यायालयाने आधी ठरवावं लागतं की पहिलं लग्न मुळात लागलंच नव्हतं. आणि हो, करायचं आहे. हसू नकोस. पास्कल विधुर आहे, चर्चमध्ये मिस्सेला ऑर्गन वाजवतो. साठी उलटली तरी सायकलवर येतो आणि पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो.

मला लग्नाआधीपासून ओळखणारं माणूस साक्षीला हवं. पप्पा गेले, आई गेली. उरलीस तू. चर्चकडून तुला प्रश्नांचा कागद येईल. काय लिहायचं ते मी सांगायचं नाही, असं फादरांनी बजावलंय. खरं तेवढं लिही.

लोभ जुनाच आहे, त्याला जप.
तुझी फिलू

*

कामतघर, भिवंडी, २६ फेब्रुवारी २०२४

प्रिय फिलूस,
स. न. वि. वि.

तुझ्या चिमटेवाल्यावर मी आणि लेक क्षितिजा दिवसभर हसलो. आमचे हे म्हणाले, या वयात लोक गुडघे बदलतात, तुमची मैत्रीण नवरा बदलते. मी दोन दिवस त्यांना साखरेचा चहा दिला नाही. खरं तर डॉक्टरांनीच नको सांगितलंय, पण त्यांना वाटलं मी रागावले.

कागद आला आणि भरून पाठवलासुद्धा. कुणाला दाखवू नये असं वर छापलं होतं, पण तू काय 'कुणी' आहेस? मी लिहिलं की मुलगी घरंदाज, लग्न दोन्हीकडच्या पसंतीने, रीतसर झालं. सगळा गाव जेवला. नवरी रडली ती माहेर सुटतं म्हणून, सगळ्याच रडतात. वडप्याच्या आमच्या रूपाच्या नवऱ्याने भर कोर्टात लग्नच झालं नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिचं लग्न शाबीत करता करता वकिलाच्या नाकी नऊ आले. म्हणून तुझं अगदी पक्कं करून टाकलं. कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

लिहिताना आपली चाळ डोळ्यांपुढे आली. मधल्या भिंतीला कान लावला की तुमच्याकडे काय शिजतंय ते कळायचं, तेही लूमच्या खडखडाटात. तू आमच्या आईजवळ बसून सुक्या बोंबलाच्या कालवणात तांदळाची भाकरी बुडवायचीस आणि आमच्यासारखंच 'हाय, न्हाय' बोलायचीस. मग एकदा शाळेत प्रार्थनेनंतर तोंडातून 'न्हाय सिस्टर' निघून गेलं आणि इमेल्डाने तुला तासभर उभं केलं. मी वर्गाबाहेर आपखुशीने उभी राहिले होते, आठवतं?

आईचा, तुझ्या आनंदीमावशीचा, तुला आशीर्वाद. पत्र लवकर टाक, नाहीतर मी रुसेन.
तुझीच कमळ

*

वसई, ५ मार्च २०२४

प्रिय कमळीस,
न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. अगं, झालेलं लग्न सरकारी कोर्टात मोडायचं असतं, आणि चर्चला सांगायचं असतं की नवरीचा होकारच खरा नव्हता. तू एकीकडची साक्ष दुसरीकडे दिलीस. आता जेरोमची काही हरकत नसूनही माझा अर्ज तुझ्या एका कागदावर अडेल.

मग हसू गेलं. माहेर सुटतं म्हणून रडले मी? लग्नाच्या दहा दिवस आधी तूच मला दिघाशीच्या एसटीत बसवून दिलंस ना? तुझ्या धोंडूबाई आत्याच्या घरी मी चार दिवस लपून होते. पाचव्या दिवशी पप्पा दारात. आत्याने त्यांना कळवलं, ते मी तिला कधीच माफ केलं नाही.

हे तू विसरली असशील तर कागद आहे तसा राहू दे. आठवत नाही ते शपथेवर सांगू नये. आठवत असेल तर इतकं छान का लिहिलंस, ते मला कळत नाही.

आनंदीमावशीला नमस्कार.
फिलू

*

कामतघर, २० मार्च २०२४

प्रिय फिलूस,

आज मायना घालायला धीर होत नाही.

आत्याने कळवलं नव्हतं. मी सांगितलं. तुझे पप्पा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा लूमवरची पाळी बुडवून. केसांत कापसाच्या तंतूंची पीज तशीच होती. पोर विहिरीत तर गेली नाही ना, एवढंच ते पुन्हा पुन्हा आईला विचारत होते. मला ते बघवेना. मी वहीचं पान फाडलं आणि आत्याचा पत्ता लिहून दिला. नाव, गाव, तालुका, जिल्हा, एकाखाली एक, शाळेत शिकवला तसा.

दुसऱ्या दिवशी तुला आणलं. तुझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ होते. ते बाहेर सगळ्यांना सांगत होते की लग्न मोडलं तर आपण गळफास घेऊ. तू माझ्यापुढे पाठ करून बसलीस आणि म्हणालीस, "मना न्हाय कराचं हे लगीन." मी तुझे केस विंचरत राहिले. गुंता सोडवताना तुला दुखू नये, एवढीच काळजी घेतली.

त्या कागदावरचं ते छान छान मी माझ्यासाठीच लिहिलं होतं गं.

काल फादरांकडे जाऊन आले. आधीचं चुकीचं लिहिलं, आता तोंडी सांगायचंय, म्हटलं. त्यांनी शपथ दिली. तुझं वाक्य ते 'मला हा विवाह मान्य नाही' असं लिहायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. ती जशी बोलली तसंच लिहा, म्हटलं. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं आणि तसंच उतरवलं. मात्र आधीचा कागदही फायलीत राहणार. कुठला खरा मानायचा, ते तिघे न्यायाधीश ठरवतील. माझ्या खोटेपणाने तुझं काम बिघडलं तर मी कुठे तोंड लपवू?

लोभ ठेव, असं कुठल्या तोंडाने लिहू?
कमळ

*

वसई, १२ जानेवारी २०२५

प्रिय कमळीस,
फिलूचा सप्रेम न. वि. वि.

दहा महिने लिहिलं नाही. रागावले होते. तू पत्ता दिलास म्हणून राग आला होता, पण त्याहून जास्त या गोष्टीचा की आत्या गेली तेव्हा मी आले नाही. तिच्यावरचा राग धरून घरात बसून राहिले आणि त्यातलं काहीच तिने केलं नव्हतं. मे महिन्यात एकटीच दिघाशीला जाऊन आले, तुला न कळवता. तिच्या सुनेने मला ओळखलं नाही, तरी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ओटीवर बसून तुझ्याशी मनातल्या मनात कडकडून भांडले. परतीच्या रिक्षात उंबऱ्यावर बसलेले पप्पा डोळ्यांपुढे आले. माझ्यासमोर ते असे कधीच बसले नव्हते. तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं.

सरकारी निकाल ऑगस्टमध्ये झाला. चर्चचा काल आला. लग्न लागलंच नव्हतं, असं तिघांनीही ठरवलं. तुझी दुसरी साक्ष त्यांनी खरी मानली, कारण खोटं सांगणारी बाई स्वतःलाच दोष देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा मुलगा सावियो घाबरून विचारत होता की मग मी कुणाचा. फादरांनी त्याला समजावलं की मुलांच्या नावाला काही धक्का लागत नाही. तेव्हा कुठे तो जेवला.

आज सकाळी पास्कलने रीतसर विचारलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. तरी म्हटलं, थांब जरा, मला एक पत्र लिहायचंय. बरं म्हणाला. व्हरांड्यात बसलाय. मधेच एकदा आत डोकावून चहा कुठे आहे ते विचारून गेला, बाकी काही विचारलं नाही. पत्र पुरं झालं की सांगेन त्याला. पण कमळी, कुणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलंय, हे मला थोडा वेळ अनुभवू दे. म्हणून हे पान भरलं तरी मी दुसरं घेतेय. आनंदीमावशीच्या गुडघ्यांचं कसं आहे ते कळव, क्षितिजाच्या नव्या नोकरीचं सविस्तर लिही, आणि तुमच्या ह्यांना साखरेचा चहा मिळतो की नाही, तेही.

तुझीच,
फिलू